ड्रायव्हर कर्नलच्या आत की बाहेर?

मंडळी, एम्बेडेड लिनक्समध्ये, म्हणजे उपकरणात बसवलेल्या छोट्या संगणकावरच्या लिनक्समध्ये, ड्रायव्हर (एखादी चिप चालवणारा कोड) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बांधता येतो किंवा लोडेबल मॉड्यूल म्हणून, म्हणजे लागेल तेव्हा चढवायच्या वेगळ्या फाइलीत, ठेवता येतो. हे मॉड्यूल कशासाठी, असं विचारलं की मेमरी वाचते म्हणून, हे उत्तर हमखास येतं. मला ते अर्धवट वाटतं. एकच इमेज (बोर्डावर चढवायची तयार सिस्टिम) अनेक प्रकारच्या बोर्डांवर चालवायची असेल तर ठीक. पण बोर्ड एकच आणि त्यावरच्या चिपा आधीच ठरलेल्या, तर लागणारा ड्रायव्हर शेवटी मेमरीत येणारच. उलट मॉड्यूलला मेमरी मिळते ती अख्ख्या पानांच्या हिशेबात, एक पान बहुधा ४ केबीचं. त्यामुळे थोडी जास्तच जाते.

खरी सोय आहे ड्रायव्हर लिहिणाऱ्याची. कोड बदलला, आरएममॉड कमांडने जुना उतरवला, इन्समॉड कमांडने नवा चढवला. कर्नल पुन्हा बोर्डावर लिहायला, म्हणजे फ्लॅश करायला, नको. अर्थात पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकला तर बोर्ड रीबूट करावाच लागतो, कारण मॉड्यूल कर्नलच्याच अधिकारात चालतो. त्याला वेगळं कुंपण नसतं.

खरी डोकेदुखी सुरू होते ती उपकरण ग्राहकाकडे गेल्यावर. बऱ्याच बोर्डांवर कर्नल एका पार्टिशनमध्ये (साठवणीच्या वेगळ्या भागात) असतो आणि मॉड्यूल रूट फाइलसिस्टिममध्ये, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य फाइलसाठ्यात. अपडेटमध्ये कर्नल बदलला आणि मॉड्यूल जुनेच राहिले, तर व्हरमॅजिक जुळत नाही. हा मॉड्यूलमध्ये कोरलेला मजकूर. त्यात कर्नलची आवृत्ती, एसएमपी (एकाहून जास्त प्रोसेसर कोअर वापरण्याची सोय), प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरं घेण्याची सोय) अशा गोष्टी असतात. तो जुळला नाही की मॉड्यूल चढतच नाही. आणि नेमका तो नेटवर्कचा ड्रायव्हर असेल, तर दुरुस्ती पाठवायची वाटच बंद!

काही जण यावर सक्तीने लोड करण्याचा पर्याय वापरतात. कृपा करून तसं करू नका. कर्नल आणि मॉड्यूल या दोन्हीकडच्या स्ट्रक्चरची (डेटा ठेवण्याच्या साच्याची) मांडणी वेगळी असेल तर मॉड्यूल गुपचूप चढतो आणि नंतर कुठेतरी भलत्याच जागी कोसळतो. कॉन्फिग मॉडव्हर्जन्स हा कर्नल बिल्ड करतानाचा पर्याय चालू ठेवलात तर कर्नलकडून घेतलेल्या प्रत्येक सिम्बॉलचा (फंक्शन किंवा व्हेरिएबलचा) सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, तपासला जातो आणि असे बरेच घोटाळे लोड होतानाच पकडले जातात. तरी कर्नल आणि मॉड्यूल एकाच बिल्डमधून काढून एकत्र पाठवणं, तेही दोन प्रतींच्या पद्धतीने, म्हणजे नवी प्रत बूट झाली नाही तर जुनीवर परतता येईल असं, हेच मी सुचवेन.

आता आत काय ठेवायचं? रूट फाइलसिस्टिम ईएमएमसीवर (बोर्डावरच्या फ्लॅश साठवणीच्या चिपवर) असेल तर ईएमएमसीचा आणि त्या फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर आतच हवा, नाहीतर इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूट होताना मेमरीत येणाऱ्या तात्पुरत्या फाइलसिस्टिममध्ये. सिरिअल कन्सोल, म्हणजे बोर्डाचे संदेश तारेने दाखवणारी सोय, तीही आत. इथरनेटही मी आतच ठेवतो.

वायफायचं मात्र उलट आहे. त्या चिपला बहुतेक वेळा फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल लागते आणि ती रूट फाइलसिस्टिममध्ये असते. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधला तर रूट फाइलसिस्टिम माउंट होण्याआधीच, म्हणजे जोडली जाण्याआधीच, तो फर्मवेअर मागू शकतो. फाइल मिळत नाही आणि वायफाय सुरू होत नाही. फर्मवेअर कर्नलच्या इमेजमध्येच घालता येतं, पण मग प्रत्येक नव्या फर्मवेअरसाठी कर्नल नव्याने बिल्ड करा. त्यापेक्षा वायफाय मॉड्यूलच ठेवा.