बॉयलर थंड असताना

नमस्कार श्रोतेहो.

कृष्णाकाठच्या माणसाला साखर कारखाना कधी बघावा, हे सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळायला टाकतात तिथं, उसाची मोळी पडते, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात, मळीचा वास येतो, हंगाम लागला. मार्चपर्यंत हाच खेळ. आम्ही मॅनेजमेंटचे मास्तर मात्र आमची पोरं कारखान्यात धाडायचो जूनमध्ये. का, तर समर प्रोजेक्ट उन्हाळ्याच्या सुट्टीतच बसतं म्हणून.

सांगलीजवळच्या एका सहकारी कारखान्याशी आमच्या कॉलेजाचा संशोधनाचा करार झाला. विषय भारदस्त होता: शाश्वत विकास आणि जबाबदार उद्योग. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. मग तीन मुलं छापील प्रश्नावली घेऊन गेली. ‘कारखाना पर्यावरणाची काळजी घेतो. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही.’ मिल बंद, बॉयलर थंड, फिटर पंप खोलून बसलेले. सगळ्यांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली आणि पोरांना चहा पाजला. त्याचे तक्ते झाले, रंगीत आलेख झाले. मार्क मीच दिले, आणि चांगले दिले.

अहवाल द्यायला गेलो तेव्हा लॅबमधले एक जुने केमिस्ट तो चाळत म्हणाले, “सर, उसाच्या वजनात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते इथं आल्यावर जातं कुठं, हे तुमच्या पोरांनी विचारलंच नाही.”

खरंच विचारलं नव्हतं. ऊस गाळला की रस निघतो, रस आटवला की वाफ होते, वाफ थंड केली की पुन्हा पाणी. ते नीट गोळा करून फिरवलं तर नदीतून फार कमी पाणी उचलावं लागतं. न फिरवलं तर ते साखरेचा अंश घेऊन नाल्याला लागतं. शेजारी डिस्टिलरी असेल तर एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं घाण पाणी, निघतो, तो वेगळाच. कृष्णेत मासे मरून वर आल्याच्या बातम्या सांगलीकरांना नव्या नाहीत. आणि आम्ही विचारत होतो, आपण सहमत आहात का?

पुढच्या वेळी विद्यापीठाशी पत्रव्यवहार करून, बरीच कटकट सोसून, आम्ही प्रोजेक्ट जानेवारीत नेलं. प्रश्नावली दिली नाही. सांगितलं, पाण्याच्या मीटरजवळ बसा आणि लॉगबुक बघा. चौथ्या दिवशी एका मुलाचा फोन आला. एका मीटरचा काटा हलत नव्हता. वहीत मात्र रोजचा आकडा होता, आणि तो आदल्या दिवशीचाच खाली उतरवलेला. अक्षर मोठं सुरेख होतं म्हणे. मीटर आठवड्याभरात बदलला गेला. एवढंच संशोधन, पण ते कारखान्याच्या कामाला आलं.

आता थोडं कायद्याचं. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. आपले सहकारी कारखाने १९६० च्या सहकार कायद्याखालचे. प्रदूषण मंडळाचे नियम त्यांना आहेतच, पण हे दोन्ही लागत नाहीत. मग तो अहवाल मागतो कोण? साखर घेणारा बिस्किटवाला, शीतपेयवाला. त्याला स्वतःच्या पुरवठादारांबद्दल उत्तर द्यावं लागतं. बिझनेस स्कूलचा खरा उपयोग इथं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००७ साली जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची सहा तत्त्वं आली, त्यांत उद्योगांशी भागीदारी हे एक आहे. फक्त ती फोटोपुरती नको.

त्या जानेवारीत एक मुलगी ऊसतोड मजुरांच्या टोळीबरोबर उसाच्या फडात गेली. ते तिच्या यादीत नव्हतं. ‘कर्मचारी किती?’ या रकान्यात कारखान्याने आकडा दिला होता, पण ऊस तोडणारं एकही माणूस त्यात नव्हतं. करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मजूर आणणाऱ्या मुकादमाशी, आणि मुकादमाने बीडकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन आणलेली जोडपी. एका जोडप्याला म्हणायचं एक कोयता. बाई तीनला उठते, भाकरी थापते, फडात मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. आजारी पडली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मुलीने वहीत लिहिलं होतं: ‘मजुरी कोयत्याची. बाईचं नाव कुठेच नाही.’ जूनमध्ये आलेल्या पोरांना हे दिसणार कसं? तेव्हा खोप्यांच्या जागी नुसती चुलीची काळी दगडं उरलेली असतात.

हे पान छापायचं की नाही, यावर करार उघडून बघितला. त्यात कलम होतं: निष्कर्ष व्यवस्थापनाच्या परवानगीनेच प्रसिद्ध होतील. सही आमचीच. घाईत कुणी वाचलं नव्हतं, मीही नाही. नव्या करारात आम्ही ते बदलून घेतलं. मसुदा आधी कारखान्याला दाखवायचा, आकडा चुकला असेल तर त्यांनी ३० दिवसांत दाखवून द्यायचा, पण दाबायचं काही नाही. शिवाय इंग्रजी जर्नलच्या आधी चार पानांचा मराठी गोषवारा कारखान्याला मिळायचा. आमच्या काही सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. प्रमोशनला मराठी पानांचे गुण मिळत नाहीत ना!

एम.डी. साहेबांनी कोयत्याचं पान दोनदा वाचलं. “हे आमचं की मुकादमाचं?” त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, “ऊस तर तुमच्याच गव्हाणीत येतो, सर.” साहेब हसले. पण पान काढा म्हणाले नाहीत.

यंदा मुकादमांच्या वह्या बघायला मिळाव्यात म्हणून आम्ही पत्र दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. मोळी पडायला तीन आठवडे आहेत.

नमस्कार.