दाणे का नाही आले?

नमस्कार श्रोतेहो. गेल्या आठवड्यात गच्चीवर पांढरी चादर ताणून आम्ही एक चिनी चित्रपट पाहिला. युद्धाचे मोठे चित्रपट मोबाइलवर बघूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. तळहाताएवढ्या चौकटीत हजार माणसं दिसतात, पण त्यांचे फुटलेले पाय दिसत नाहीत.

चित्रपट होता हनान प्रांतातल्या 1942 च्या दुष्काळावर. साल लक्षात ठेवा, 1942. त्या सालातलं 'चले जाव' आपल्याला पाठ आहे. चीनमध्ये तेव्हा जपानशी युद्ध चालू होतं. हनानमध्ये पाऊस नाही, वर टोळधाड.

आई शेजारी बसली होती. ती मंगळवेढ्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, मदत म्हणून आलेल्या तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी थापल्या. मालदांडी ज्वारीच्या मुलखातल्या बाईला मिलो थापावी लागणं म्हणजे काय, ते जिनं थापली तिलाच ठाऊक. आणि आज आपल्याच घरांतून ज्वारी मागं पडत चालली आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

तर, आईला चिनी येत नाही, पडद्याखालची इंग्रजी अक्षरंही वाचता येत नाहीत. मी सांगायला लागलो, तर म्हणाली, "तू गप बस. कळतंय मला." माणसं झाडाची साल खात होती, तेव्हाही ती काही बोलली नाही. मग आगगाडी आली. टपावर माणसं चिकटलेली. आई एकदम ताठ झाली.

"गाडी येतीया म्हंजी रूळ हायती की. मग दाणे का न्हाई आले?"

मी चित्रपट थांबवला. मला उत्तर येईना.

"आमच्याकडं मिलो आली. तांबडी हुती, पण आली. पोत्यानं आली. हितं दाणे का न्हाई आले?"

पुढचे तीन दिवस मी तेच वाचत बसलो. 1938 च्या जूनमध्ये जपानी फौज अडवायला चीनचा तेव्हाचा सत्ताधीश च्यांग कै-शेक याच्या सैन्यानं पीत नदीचा बांध स्वतःच फोडला होता. आपल्याच सैन्यानं, श्रोतेहो. त्या पुरात लाखो माणसं गेली. चार वर्षांनी दुष्काळ पडला, तरी सैन्यासाठी धान्यसारा वसूल होतच राहिला. दाणे आले नाहीत, उलट होते तेही गेले. वीस ते तीस लाख माणसं मेली, असा अंदाज सांगतात. थिओडोर व्हाइट या अमेरिकन बातमीदारानं ते जगापुढं आणलं. 1943 साली तर आपल्याच बंगालमध्ये तशीच उपासमार झाली.

परवा आईला भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात नेलं. शाळेत मी त्यांच्यावर निबंध लिहिला होता. ते ज्या युद्धात गेले, ते युद्ध मात्र मला माहीत नव्हतं. आपल्या सोलापूरचा हा माणूस 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला जखमींवर उपचार करायला गेला आणि 9 डिसेंबर 1942 ला हबेई प्रांतात वारला. तेच साल, 1942. वय 32. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

आई पुतळ्यासमोर बराच वेळ उभी होती.

"ह्यांना तरी पोटभर मिळत हुतं का तिथं?"

मी म्हणालो, तिथले सैनिक राळ्याचे दाणे खाऊन राहायचे.

"राळं?" आई म्हणाली. "राळं आमच्याकडं बी पेरायचे."