यॉड : व्होल्गाकाठची घोडी

[दृश्य : उत्तर इंग्लंडमधली माळरानं, दगडी कुंपणं, रिमझिम पाऊस]

इंग्लंडच्या उत्तरेला आणि स्कॉटलंडच्या खेड्यांत घोडीला एक जुना शब्द होता. यॉड.

पुस्तकी इंग्रजीत घोडीला 'मेअर' म्हणतात. तो शब्द तिथला, घरचा. यॉड मात्र जहाजातून आला. ८६६ साली डॅनिश वायकिंगांनी यॉर्क घेतलं. लुटायला आलेली माणसं पुढे तिथेच नांगर धरून राहिली, आणि त्यांची बोली गावांच्या, ओढ्यांच्या, डोंगरांच्या नावांत मुरली. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत घोडी म्हणजे 'याल्दा'. बोलता बोलता झिजून तिची यॉड झाली.

याल्दासुद्धा नॉर्समध्ये पाहुणीच. अभ्यासक तिचा माग काढत थेट रशियात, व्होल्गाच्या मधल्या खोऱ्यात पोचतात. तिथे एर्झ्या आणि मोक्शा या भाषा बोलतात. त्यांचं नातं फिनिशशी. जनावराचा सौदा झाला, की कधी कधी नावही दाव्यासकट नव्या मालकाकडे जातं. तसंच इथे झालं असावं.

[दृश्य : चिखलातून गाडी ओढणारी म्हातारी घोडी]

पुढची गोष्ट मला टोचते. यॉडचा अर्थ उतरत गेला. आधी घोडी, मग म्हातारी घोडी, मग थकलेलं कुठलंही घोडं, आणि शेवटी बाईला घातलेली शिवी. इंग्रजीतला 'जेड' हा शब्द याच यॉडचा भाऊबंद, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये सराईवाला एका पाद्र्याच्या मरतुकड्या घोड्याला 'जेड'च म्हणतो. आजचा 'जेडेड', म्हणजे थकून विटलेला, त्यातूनच निघाला. (दागिन्यातला हिरवा जेड वेगळा; तो स्पॅनिशमधून आला.)

आपल्याकडे तरी काय निराळं? तट्टू म्हणजे डोंगरवाटेवरचं इमानी जनावर, पण 'भाड्याचं तट्टू' म्हटलं की माणसाची किंमत गेली. वाढत्या मुलीला 'एवढी घोडी झालीस' म्हणून सुनावणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. घोडी जन्मभर ओझं ओढते, शिंगरं वाढवते, आणि पाय थकले की तिच्या नावालाच डाग लागतो.

[दृश्य : सॉल्टेअरची कापडगिरणी]

हा शब्द जपून ठेवणाऱ्यांत एक होता जोसेफ राइट. जन्म १८५५, यॉर्कशरमधला. सहाव्या वर्षी दगडखाणीत गाढवाची गाडी हाकायची, खाणकामगारांची हत्यारं धार लावायला लोहाराकडे न्यायची. मग सॉल्टेअरची गिरणी. पंधरा वर्षांचा होईतो त्याला अक्षरओळख नव्हती. हाच मुलगा पुढे ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला, ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांच्या जागेवर. त्याने १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा कोश सहा खंडांत छापून काढला. शेतकऱ्यांचे, खाणकामगारांचे, गोठ्यातले शब्द त्यात आले. यॉडही आली.

ज्याने लहानपणी स्वतः लगाम धरला होता, त्याच्या कोशात तिला जागा मिळाली, याचा मला फार आनंद होतो.

[दृश्य : व्होल्गाकाठचं कुरण, पहाट]

उत्तर इंग्लंडच्या बोलण्यातून यॉड आता गेली आहे. व्होल्गाकाठी मात्र एर्झ्या माणूस आजही घोडीला 'एल्दे' म्हणतो.