गोदाकाठची पंगत

श्रोतेहो, नमस्कार.

नांदेड अजून झोपेत असतं, तेव्हा एक सेवेकरी गोदावरीवर घागर भरतो आणि अंधारातच हजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडे चालू लागतो. पाऊस असो, थंडी असो, हा नेम चुकत नाही. त्या पाण्याने आतलं स्थान धुतलं जातं. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला, तो इथेच. जाण्यापूर्वी त्यांनी सांगितलं, यापुढे ग्रंथ हाच तुमचा गुरू. शीख धर्माच्या इतिहासातली एवढी मोठी गोष्ट आपल्या मराठवाड्यात घडली, याचा मला फार अभिमान वाटतो.

आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. मुलूख निजामाचा, पंजाब शेकडो कोस लांब, तरीही. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक.

पण मला तुम्हाला न्यायचंय ते लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या सगळ्यांसाठीच्या जेवणाला. डोक्याला रुमाल बांधायचा, चपला बाहेर ठेवायच्या आणि पट्टीवर मांडी घालून बसायचं. वाढपी पोळी ताटात टाकत नाही. आपण दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करायचे, मग ती गरम पोळी हातावर येते. पहिल्यांदा मला हे ठाऊक नव्हतं. शेजारच्या आजोबांनी हळूच माझा हात धरून पुढे केला. ते परभणीकडचे शेतकरी, दवाखान्याच्या कामासाठी नांदेडला आलेले. पलीकडे अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने आलेलं कुटुंब. कुणी कुणाला जात-गाव विचारलं नाही. डाळ वाढणाऱ्याने मात्र पुन्हा पुन्हा विचारलं, आणखी हवं का?

जेवायला बसलेल्यांच्या या रांगेला पंजाबीत काय म्हणतात, ठाऊक आहे? पंगत! आपलाच शब्द. आणि नातं शब्दापुरतं नाही. गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या संत नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नरसी नांदेडच्या शेजारीच, हिंगोली जिल्ह्यात.

त्या दिवशी जेवून आम्ही ताटं धुवायला गेलो. आजोबा राखेने भांडी घासण्याच्या सवयीने ताट जोरात घासत होते. तेवढ्यात आतून कीर्तनाचे सूर आले आणि त्यात ‘नामदेव’ हे नाव स्पष्ट ऐकू आलं. आजोबांनी ताट खाली ठेवलं, ओले हात जोडले आणि पुटपुटले, “आपले नामदेवराया.”