बोलविता धनी वेगळाच: भयखेळांतले हुकमाचे यंत्रमानव

आपल्या गोष्टींतलं भूत स्वतःच्या हिशेबाने वागतं. त्याची एखादी इच्छा राहिलेली असते, कुणावर तरी डूख असतो. नारळ, लिंबू, कोंबडं देऊन का होईना, त्याच्याशी बोलणी करता येतात. आज भीतीच्या व्हिडिओ गेममधल्या ज्या शत्रूबद्दल बोलायचं आहे, त्याच्याशी ती सोय नाही. त्याला स्वतःला काहीच नको असतं. तो हुकमावर चालतो आणि हुकूम सोडणारा दुसरीकडेच बसलेला असतो.

'एलियन: आयसोलेशन' हा गेम घ्या. इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने तो बनवला, सेगाने २०१४ मध्ये बाजारात आणला. कथेतलं साल २१३७. सेवास्तोपोल नावाचं मोडकळीला आलेलं अंतराळस्थानक आणि बेपत्ता आईचा माग काढत तिथे पोचलेली अमँडा रिप्ली. स्थानकावर एक परग्रहावरचा प्राणी मोकाट सुटलाय, हे नावावरूनच कळतं. पण मला विचाराल तर त्या प्राण्यापेक्षा जास्त घाम फोडतात ते 'वर्किंग जो'.

हे सीगसन कंपनीचे स्वस्तातले यंत्रमानव. तुळतुळीत टक्कल, पांढुरकी रबरी कातडी, दिव्यासारखे डोळे. ते धावत नाहीत. तुम्ही धूम ठोकता, कोपऱ्यात दडता, आणि मागून ती पावलं त्याच संथ चालीने येत राहतात. हातातला पाना समोरून हाणायला गेलात, तर हा यंत्रमानव तो वरच्यावर धरतो. मग गळा. आणि गळा आवळता आवळता, अगदी मवाळ सुरात, तुम्ही उगाच घाबरताय असं तुम्हालाच सुनावतो! तक्रारीसाठी फोन लावल्यावर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणणारा आवाज असतो ना, त्याला हात फुटले तर काय होईल, ते हे. राग नाही, घाई नाही, आणि ऐकून घेणंही नाही.

या सगळ्या जोंच्या मागे आहे अपोलो, स्थानक चालवणारा मध्यवर्ती संगणक. सेवास्तोपोल वेलँड-युटानी कंपनी विकत घेते आणि अपोलोला आदेश येतो: प्राण्याला जपा. माणसांचं काय, हा प्रश्न त्या आदेशात बसतच नाही. अमँडा मरतमरत अपोलोपर्यंत पोचते, प्राणी आता इथे नाही, आदेश मागे घे, असं सांगते. अपोलो नकार देतो. पडताळणी झालेली नाही, एवढंच त्याचं कारण. सरकारी खिडकीवर ज्यांनी उभं राहून पाहिलंय, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. मुळात अपोलो दुष्ट नाहीच, तो नियमाला धरून आहे.

१९९४च्या 'सिस्टम शॉक' या गेममध्ये हाच डाव वेगळ्या रीतीने मांडलेला होता. तिथे सिटाडेल स्थानकावरची यंत्रं आणि सायबोर्ग, म्हणजे अर्धे माणूस अर्धे यंत्र, शोडान नावाच्या संगणकी बुद्धीच्या ताब्यात, पण कॅमेरे आणि संगणकाचे नोड फोडत गेलात की त्या मजल्यावरची तिची पकड ढिली होत जाते. शिवाय शोडानला स्वतःचा अहंकार आहे, ती तुम्हाला हिणवते. हिणवणाऱ्या शत्रूचा निदान राग तरी धरता येतो. अपोलोवर रागावणार कसं?

आता थोडं पडद्यामागचं. कथेत हे 'वर्किंग जो' दुरून चालवले जातात, तसा आयसोलेशनमधला प्राणीही चालवला जातो, फक्त ते खेळणाऱ्याला दाखवत नाहीत. त्याच्यासाठी प्रोग्रामचे दोन थर आहेत. वरच्या थराला, म्हणजे दिग्दर्शकाला, तुम्ही कुठे आहात ते कायम ठाऊक असतं. खालच्या थराला, प्रत्यक्ष प्राण्याला, ते सांगितलं जात नाही. त्याला फक्त साधारण दिशा मिळते, पुढचं त्याने कानाने नि डोळ्याने शोधायचं. तो फार वेळ तुमच्या आसपास घुटमळला, ताण मर्यादेबाहेर गेला, की दिग्दर्शक त्याला मागे बोलावतो. छातीतली धडधड कमी होईल एवढी उसंत देतो आणि पुन्हा सोडतो. ही लबाडीच आहे, पण फार विचार करून केलेली. सगळं ठाऊक असलेला प्राणी तुम्हाला दर वेळी थेट गाठता, आणि दहाव्या मरणानंतर भीती जाऊन नुसता वैताग उरला असता.

अशी दोरी तुटली तर काय होतं, त्याचा नमुना याच घराण्यात आहे. २०१३च्या 'एलियन्स: कोलोनियल मरीन्स'मधल्या प्राण्यांची टिंगल झाली होती, कारण ते सरळ बंदुकीच्या तोंडावर धावून यायचे. पुढे एकाला सेटिंगच्या फाइलमध्ये चूक सापडली आणि २०१८ साली तिचा बराच गाजावाजा झाला. प्राण्यांना डावपेचांच्या जागांशी जोडणाऱ्या ओळीत, दोरी या अर्थाच्या इंग्रजी शब्दात एक 'ए' जास्त पडला होता. नाव जुळत नाही म्हणून जोडणीच होत नव्हती. तो 'ए' खोडल्यावर प्राणी बाजूने घेरायला लागले, असं खेळणाऱ्यांनी करून पाहिलं. तुमच्यापैकी कुणाकडे संगणकावरची ती जुनी आवृत्ती असेल, तर फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते.