चार कोपऱ्यांचा पक्षी

(दृश्य: टेबलावर चौकोनी कागद. फक्त हात दिसतात.)

कागदाची बाजू 15 सेंटिमीटर. एका अंगाने लाल, दुसऱ्या अंगाने पांढरा. कात्री बाजूला ठेवलेली आहे, डिंकाची बाटलीही बंद आहे.

कर्णावर पहिली घडी. ती नखाने दाबताना येणारा आवाज ऐका. कागद चांगला असला की घडी अशी करकरीत बसते.

वहीचं मधलं पान काढून होडी आणि विमान आपण सगळ्यांनीच केलंय. विमान उडतं, पण त्याला चोच नसते, मान नसते. पक्षी करायचा तर सपाट कागदातून एकेक अवयव ओढून बाहेर काढावा लागतो.

(दृश्य: हातात क्रौंच तयार होतो.)

हा जपानचा ओरिझुरू, घडीचा क्रौंच. आपल्या गोंदियाच्या धानबांध्यांत दिसणाऱ्या सारसाच्या कुळातला. मान, शेपूट आणि दोन पंख, अशी चार टोकं. चौकोनाला कोपरेही चारच. प्रत्येक कोपऱ्याच्या वाट्याला एक अवयव आला. आणि कागदाचा मधला बिंदू? पंखांच्या मधोमध फुगलेली ही पाठ आहे ना, तो तिच्या माथ्यावर आहे. घड्या उलगडून एकदा स्वतः पाहाच.

1797 साली क्योटोत फक्त अशा क्रौंचांचं एक पुस्तक छापलं गेलं. कुवाना गावच्या एका बौद्ध भिक्षूने रचलेले 49 प्रकार त्यात आहेत. एकाच कागदाला चिरा देऊन लहान चौकोन पाडायचे, पण दोन चौकोनांमध्ये कोपऱ्याशी तसूभर कागद अखंड ठेवायचा. मग चोचीला चोच, पंखाला पंख जोडलेले पक्षी घडतात. शेवटच्या घडीला तो तसूभर कागद फाटला की सगळी मेहनत वाया. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा हा धीर पाहून मला आजही नवल वाटतं.

(दृश्य: झाडाच्या सालीवर सिकाडा हा कीटक. त्याचा किर्र आवाज.)

आता हा सिकाडा. सहा पाय, पंख, डोकं, पोट. कोपरे मात्र तेच चार.

तो घडवणारे जपानी कलावंत अकिरा योशिझावा यांचा जन्म 1911 चा, शेतकरी घरातला. टोकियोच्या कारखान्यात ते तांत्रिक आरेखन करत आणि कामगारांना भूमिती समजावताना कागदाच्या घड्या वापरत. पुढे नोकरी सोडून त्यांनी आयुष्य कागदालाच दिलं. कित्येक वर्षं हलाखीत गेली. त्यांचा सिकाडा मनासारखा जमायला 23 वर्षं लागली. एका कीटकासाठी 23 वर्षं!

कीटक इतका अवघड का, हे पुढे गणिताने उलगडून दाखवलं. कागदातून एक टोक काढायचं, तर त्याच्या लांबीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ कागदावर राखून ठेवावं लागतं. टोक कोपऱ्यातून काढलं तर वर्तुळाचा पाव हिस्साच खर्ची पडतो, कडेवरून काढलं तर अर्धा. मधून काढलं, तर अख्खं वर्तुळ. क्रौंचाची चारही टोकं कोपऱ्यांतली, म्हणून स्वस्तातली. किड्याचे पाय महाग पडतात. रॉबर्ट लँग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने ही वर्तुळं कागदावर दाटीने बसवणारी संगणकप्रणालीच लिहिली. 1990 च्या दशकात जपान आणि अमेरिकेतल्या कलावंतांमध्ये चुरस लागली. कोणाच्या भुंगेऱ्याला मिशा, कोणाच्या शिंगांना फाटे. सगळं एका अखंड कागदातून.

पण टोकं मिळाली म्हणजे जीव आला असं होत नाही. त्यासाठी योशिझावांनी दाखवलेली वाट मला सगळ्यांत जवळची वाटते.

(दृश्य: ओलं फडकं जाड कागदावरून फिरतं.)

जाड कागद किंचित दमट करायचा. त्यातली खळ मऊ पडते. मग घडी धारदार राहत नाही, गोलाई घेते. छाती भरते, पाठीला बाक येतो, पंखाची कड अंगठ्याने हलकेच वळवता येते. पाणी जास्त झालं की कागद घडीपाशी विरतो. कमी पडलं की ऐकत नाही. मोजमाप बोटांनाच ठाऊक.

(दृश्य: पूर्ण झालेला पक्षी, पंखांना दोऱ्याचे सैल वेढे.)

आता हात लावायचा नाही. खळ पुन्हा घट्ट होऊ द्यायची. उद्या सकाळी दोरा सोडू.