'ताई, माझा चान्स किती?' बेळगावातून हार्वर्ड, स्टॅनफर्ड, इन्सियाडला एमबीएचा अर्ज करणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी. मागं पत्र्यावर पावसाचा आवाज येतोय, तो येऊ दे, बेळगावात जुलैमध्ये व्हिडिओ करायचा म्हटल्यावर पाऊस थांबायची वाट बघून चालत नाही. आणि आजच्या गोष्टीत पावसाचं काम पण आहे, पुढं सांगते.

तर मला आठवड्यातनं चार-पाच वेळा एकच मेसेज येतो. "ताई, व्हीटीयू मेकॅनिकल, सीजीपीए 7.9, जीमॅट 645, चार वर्षं एक्सपीरियन्स, हार्वर्डला चान्स किती?" बस्स, एवढंच. (व्हीटीयू म्हणजे आपलं इंजिनियरिंगचं विद्यापीठ, आणि जीमॅट म्हणजे एमबीएसाठीची प्रवेश परीक्षा.) निपाणीवरून येतो, खानापूरवरून येतो, चिकोडीवरून येतो, टिळकवाडीतनं तर येतोच. आणि एवढ्यावर मी टक्का सांगावा अशी अपेक्षा असते. मी सांगत नाही, म्हणून काही जण रागावतात पण. आज सांगते का सांगत नाही ते, आणि मग चान्स बघायचा कसा ते.

आधी आकड्यांचं मोकळं करून टाकू. जीमॅट आता जुनं राहिलं नाही, फेब्रुवारी 2024 पासून फक्त फोकस एडिशन आहे, तीन सेक्शन, प्रत्येकी 45 मिनिटं, स्कोअर 205 ते 805, आणि शेवटचा आकडा नेहमी 5. म्हणजे काकांच्या मुलाला 2019 मध्ये 700 आले होते आणि मला 645च आले म्हणून रडत बसू नका, पर्सेंटाइलनं बघितलं तर नव्यातले 645 म्हणजे जुन्यातले 700च्या आसपासच येतात. हार्वर्डचा जुन्या परीक्षेचा मीडियन वर्षानुवर्षं 730-740 राहिलाय, नव्या मापात तो साधारण 675-685 होतो.

आता मीडियन म्हणजे कटऑफ नव्हे. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी परत विचारलं जातं. मीडियन म्हणजे ज्यांना घेतलं त्यातले निम्मे त्याच्या खाली होते. पण त्या खालच्या निम्म्यांत कोण बसलंय हे तुम्हाला वेबसाइटवर दिसत नाही. ज्या गटातनं ढिगानं अर्ज येतात त्या गटातल्या माणसाला कमी स्कोअर जास्त जड जातो, आणि भारतीय इंजिनियर मुलगा हा त्यातला सगळ्यात गर्दीचा गट. कोटा असा कुठं लिहिलेला नाही, पण क्लास जगभरातनं भरायचा असतो आणि एकसारखे पन्नास अर्ज समोर आले की वाचणारा माणूस काय करणार, तुम्हीच सांगा. म्हणून 645 वर दार बंद होत नाही, पण तो स्कोअर तुमच्या बाजूनं काही बोलणार पण नाही, बोलायचं काम बाकीच्या अर्जाला करावं लागतं. प्रॅक्टिस टेस्टमध्ये जास्त येत असतील तर परत द्या, 16 दिवसांनी परत देता येते, स्कोअर पाच वर्षं चालतो. प्रॅक्टिसमध्ये पण तेवढेच येत असतील तर सहा महिने त्याच्यात घालवू नका.

मार्क्स कार्डाचं एक. 7.9 ला चारच्या मापात बसवून कुठल्यातरी साइटवरनं 3.4 वगैरे काढून फॉर्ममध्ये भरू नका. बहुतेक स्कूल सरळ सांगतात की जसं कार्डावर आहे तसंच लिहा. व्हीटीयूचं कार्ड ते पहिल्यांदा बघत नाहीयेत. आणि तीन वर्षांची बी.कॉम. असलेल्यांनी आधीच हार मानू नये, हार्वर्डला ती चालते, फक्त प्रत्येक स्कूलचं पान उघडून बघून घ्या.

आता चान्स. स्टॅनफर्डला वर्षाला सहा-सात हजार अर्ज, जागा 430च्या आसपास. हार्वर्डला आठ ते दहा हजार अर्ज, जागा 930च्या आसपास. म्हणजे शंभरात सहा, शंभरात दहा असं काहीतरी येतं. पण हा सगळ्यांचा मिळून काढलेला आकडा आहे, तुमचा नव्हे. त्या गर्दीत असे पण आहेत ज्यांचा चान्स जवळजवळ शून्य आहे आणि असे पण आहेत ज्यांच्यासाठी पाच स्कूल भांडतील. आणि इथं एक मोठी चूक होते. मुलं हिशोब करतात की एका ठिकाणी दहा टक्के, मग सहा ठिकाणी टाकलं की कुठंतरी लागेलच. नाही लागत हो. कारण सहा ठिकाणी अर्ज एकच जातो. त्यात जे भोक आहे ते सहाही ठिकाणी दिसतं. लॉटरीची सहा तिकिटं वेगवेगळी असतात, हे एकाच तिकिटाच्या सहा झेरॉक्स आहेत.

मी हे स्वतः केलंय. पहिल्या वर्षी चार ठिकाणी अर्ज केला, चारही ठिकाणी नकार, इंटरव्ह्यू पण नाही. एका कन्सल्टंटकडं गेले होते, नाव घेत नाही, घरच्यांनी कष्टाचे पैसे भरले होते, त्यांनी माझा निबंध पूर्ण स्वतः लिहिला आणि मी तो वाचून छान आहे म्हटलं, कारण इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. नकार आल्यावर तो निबंध परत काढून वाचला तर त्यात मी कुठंच नव्हते. ग्लोबल लीडर होते, शहापूरची मुलगी नव्हती. हुबळीच्या क्लायंटकडं टीम मलाच का पाठवायची, कन्नडमधनं ऐकून घेऊन इंग्रजीत लिहून काढायचं आणि तिथल्या कामगारांचं म्हणणं बेंगळुरूच्या मॅनेजरला पटवायचं हे मीच का करायची, ह्यातलं एक वाक्य नाही. दुसऱ्या वर्षी ते लिहिलं, स्वतः लिहिलं, युरोपात ॲडमिशन झाली. तेव्हापासनं मी लोकांचे अर्ज वाचून देते.

आता तो 645 वाला मुलगा. त्याच्या परवानगीनं सांगतेय, नाव सांगणार नाही. त्याच्या वडिलांची उद्यमबागमध्ये फाउंड्री आहे, लहान, पंपांच्या बॉडीचं कास्टिंग करतात, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतून बॉडी बनवतात. त्याच्या रिझ्युमेत त्या चार वर्षांवर एक ओळ होती.

(स्क्रीनवर ओळ: "कौटुंबिक व्यवसायात क्वालिटी कंट्रोल व प्रोसेस इम्प्रूव्हमेंटची जबाबदारी.")

ही ओळ जगात कुणीही लिहू शकतं. मी म्हटलं, उद्या फाउंड्रीत येते. गेले तर टेबलावर एक लाँगबुक पडलेलं, कव्हरला काळे बोटांचे ठसे. उघडून बघितलं तर रकाने आखलेले, तारीख, पाऊस आहे की नाही, वाळूचा ओलावा, किती साचे भरले, किती कास्टिंग परत आले. रोजचं. दोन वर्षांचं.

झालं काय होतं, दर पावसाळ्यात रिजेक्शन वाढायचं. मोल्डिंगच्या वाळूत ओलावा साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास पाहिजे, जास्त झाला की वितळलेलं लोखंड ओतल्यावर त्याची वाफ होते, ती वाफ आत अडकते आणि ब्लो होल पडतात. आणि ते भोक वरनं दिसत नाही. गिऱ्हाइकाकडं मशिनिंग करताना एक थर निघतो तेव्हा आतलं भोक दिसतं, मग अख्खा माल परत. वडील म्हणायचे पाऊस आहे, होणारच. हा मुलगा मीटर घेऊन आला, तर मिस्त्री चिडले. मिस्त्री तीस वर्षं मुठीत वाळू दाबून, मूठ उघडून, तो गोळा कसा मोडतो ते बघून सांगतात, ह्यांना मीटर कशाला. आता इथं दुसरा कुणी असता तर मालकाचा मुलगा म्हणून हुकूम सोडला असता. ह्यानं काय केलं, महिनाभर मिस्त्रींच्या शेजारी बसला, आधी मिस्त्रींनी मुठीनं सांगायचं, मग मीटर बघायचा, दोन्ही वहीत लिहायचं. आणि निघालं काय, तर मिस्त्री जवळजवळ नेहमी बरोबर होते! चूक होत होती ती रात्रपाळीत, मिस्त्री घरी गेल्यावर, वाळूचा ढीग एका बाजूनं उघडा राहायचा आणि पत्र्यातनं पाणी यायचं. शेड वाढवली, ताडपत्री टाकली, आणि रात्रपाळीच्या दोन पोरांना मिस्त्रींनीच मुठीनं वाळू बघायला शिकवलं, कन्नडमध्ये, कारण ती पोरं सौंदत्तीकडची. त्या पावसाळ्यात शंभरात नऊ परत यायचे ते चारवर आले.

मी त्याला म्हटलं, हे रिझ्युमेत का नाही? तर म्हणतो, "ताई, हे काय लिवायचं, हे घरचंच काम हाय की."

मंडळी, माझं जीव तोडून सांगणं हेच आहे. आपल्याकडची मुलं जे घरचं काम म्हणून सोडून देतात तेच वाचायला तिथं माणूस बसलेला असतो. तंबाखूच्या सीझनला वखारीचा हिशोब सांभाळलेला असतो, वडगावात मागावरच्या साड्यांचे पैसे व्यापाऱ्याकडनं वसूल केलेले असतात, आणि अर्जात काय लिहितात तर कॉलेजच्या टेकफेस्टचा को-ऑर्डिनेटर. तुम्ही आल्यामुळं काय बदललं, कुणाचा विरोध होता, त्याला कसं सोबत घेतलं, आणि त्याची वही आहे का, हे मी आधी विचारते, स्कोअर नंतर. वही म्हणजे पुरावा. खोटं तर लिहूच नका, ॲडमिशननंतर बऱ्याच स्कूल पडताळणी करतात, नोकरीचं पत्र, पगार, सगळं, आणि तिथं खोटं निघालं की दिलेली सीट जाते.

शिफारस पत्राचं पण त्याचं अडलं होतं. वडील बॉस, मग पत्र कोण देणार? वडिलांचं चालत नाही, काकांचं पण नाही. घरचा धंदा असणाऱ्यांना स्कूल स्वतःच सांगतात की गिऱ्हाईक, सप्लायर, बँकेचा माणूस ह्यांच्याकडनं घ्या. मी म्हटलं, माल परत पाठवणारा तो पर्चेस मॅनेजर कोण आहे, त्याच्याकडनं घे. चार वर्षं ज्यानं तुझ्यावर फोनवर आरडाओरडा केला आणि नंतर थांबवला, त्याच्याइतकं खरं कोण लिहिणार. तो हो म्हणाला.

मग 'एमबीए का?' त्यानं लिहिलं होतं कन्सल्टिंग. मी म्हटलं, कन्सल्टिंग कुणी सांगितलं? कुणी नाही, सगळे लिहितात म्हणून. अर्धा तास बोलल्यावर खरं निघालं, फाउंड्रीचा जवळजवळ सगळा माल दोनच गिऱ्हाइकांना जातो, एक सुटला तर कारखाना बसेल, त्याला थेट एक्सपोर्ट करायचं आहे आणि ते कसं करतात हे घरात कुणालाच माहीत नाही. हे कारण आहे. आणि कारण बदललं की स्कूलची यादी पण बदलते. परत येऊन स्वतःचा धंदा बघायचा असेल तर दोन वर्षं अमेरिकेत कशाला, इन्सियाडचा कोर्स दहा महिन्यांचा आहे, फ्रान्समधलं फॉन्तेनब्लो आणि सिंगापूर, वर्षाच्या आत माणूस परत. ज्याला करियर पूर्ण बदलायचं आहे, मध्ये इंटर्नशिप पाहिजे, त्याला दोन वर्षांचा कोर्स जास्त बरा पडतो. स्टॅनफर्डची रिलायन्स धीरूभाई फेलोशिप भारतात परत येणाऱ्यांसाठीच आहे, ट्यूशनचा मोठा भाग त्यात निघतो, पण वर्षाला जास्तीत जास्त पाच जणांना.

पैशाचं थोडक्यात. अमेरिकेतल्या वरच्या स्कूलला दोन वर्षांचा सगळा खर्च अडीच लाख डॉलरच्या आसपास जातो, म्हणजे दोन कोटींच्या वर. हा आकडा ऐकून अर्जच न करणारी मुलं मला माहीत आहेत, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हार्वर्ड आणि स्टॅनफर्डची मदत घरच्या परिस्थितीवर मिळते, मेरिटवर नव्हे, आणि परदेशी विद्यार्थ्यांना पण मिळते. उलट बाजू पण सांगते. खानापूरची शेती गहाण टाकून, अमेरिकेत नोकरी लागेलच म्हणून जाऊ नका. एच-वन-बी, म्हणजे तिथं नोकरी करायचा व्हिसा, वर्षाला 85 हजार, आणि ती चिठ्ठी तुमच्या हुशारीवर निघत नाही.

तर त्या मुलाची यादी आम्ही अशी केली. दोन स्कूल अशा, जिथं त्याचा स्कोअर मीडियनच्या खाली आहे पण वहीची गोष्ट चालू शकते. दोन अशा, जिथं स्कोअर मध्यावर बसतो. आणि एक आयएसबी, म्हणजे आपल्याकडचीच बिझनेस स्कूल, कारण हैदराबादला गेला तरी त्याचं काम होतंय. जिथं सीट मिळाली तरी जायचं नाही तिथं अर्ज नाही, उगीच फी आणि निबंध वाया. टक्का मी त्याला पण सांगितला नाही. एवढं सांगितलं की जूनमधला अर्ज मी असते तर नाकारला असता, आणि आत्ताचा अर्ज वाचून मी तुला इंटरव्ह्यूला बोलावलं असतं. इंटरव्ह्यूत इंग्रजीच्या ॲक्सेंटची काळजी करू नकोस, मिस्त्रींची गोष्ट मला मराठीत जशी सांगितलीस तशीच सांग, न थांबता.

राउंड वन सप्टेंबरमध्ये आहे. राउंड टू जानेवारीत, तो पण चालतो, त्याच्यानंतरचा आपल्यासारख्यांनी शक्यतो टाळावा, जागा उरत नाहीत आणि व्हिसाला वेळ कमी पडतो. तो राउंड वनला टाकतोय. पर्चेस मॅनेजरनं काल विचारलं, पत्रात नेमकं काय लिहू, तर पुढच्या व्हिडिओत तेच घेते, शिफारस देणाऱ्याला काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही. निकाल डिसेंबरमध्ये येतील. आले की इथंच सांगते, जे असतील ते.